दिगंबरचा पाट

"आमटीत मीठ कमी आहे, मावशी," असं म्हणत सौमित्र सबनीसनं वाटी पुढं सरकवली आणि त्याच दमात कार्लेकर सरांना विचारलं, "सर, शेवटी ज्याचं सादरीकरण सगळ्यात चांगलं होईल त्याला पुढच्या उन्हाळ्यात जर्मनीला पाठवतात ना?"

"पाठवतात," सर म्हणाले. "एकाला."

"एकालाच," सौमित्र म्हणाला आणि आमच्याकडं बघून इतकं गोड हसला की मी तिथंच त्याचं वजन करून टाकलं.

ही माझी घरातून आलेली खोड. उदगीरच्या मोंढ्यात आमचं आडत दुकान. आमच्याकडं माणूस ओसरीवर टेकायच्या आत त्याचं माप झालेलं असतं. सौमित्र पुण्याचा, हुशार, बोलायला फर्डा, आणि डोळा जर्मनीच्या त्या एका जागेवर. कार्लेकर सरांची निवृत्ती जवळ आलेली. सगळी उमेद त्यांनी बोरजाईच्या माळावर घातली होती आणि त्यातून काहीतरी उभं राहिलं असं कुणीतरी चारचौघांत म्हणावं, एवढीच त्यांची भूक. आणि मी, गिरिजा मेनकुदळे. दोन महिने घराबाहेर, म्हणजे दोन महिने मला बघायला पाहुणे येणार नाहीत. मी तेवढ्यावर खूश होते.

हवामानशास्त्राचं उन्हाळी संशोधन शिबिर होतं ते. बी.एस्सी.च्या पोरांना माळावरच्या केंद्रात ठेवायचं, प्रत्येकाला एक लहानसा प्रश्न द्यायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याचं उत्तर सगळ्यांसमोर मांडायला लावायचं. केंद्र वळवाच्या विजांचा अभ्यास करायचं. बाहेरच्या पाटीवर 'वीज संशोधन केंद्र' लिहिलेलं असल्यामुळं सुरुवातीला आसपासचे लोक तिथं लोडशेडिंगची तक्रार घेऊन यायचे. सर सगळ्यांना चहा पाजून परत पाठवायचे.

वजन होईना ते आम्हा तीन विद्यार्थ्यांतल्या तिसऱ्याचं. दिगंबर फड परळीकडचा, उंच, खांदे थोडे वाकवून चालणारा. जर्मनीचं नाव निघालं की तो दुसरी भाकरी घ्यायचा. मला वाटलं, चुकून आलेला दिसतोय. मग एकदा त्याच्या ट्रंकेतून पेन घ्यायला गेले तर तळाशी कपड्यांत गुंडाळलेला लाकडी पाट.

"हा कशाला?"

"आईनं घातला."

"इथं टेबलखुर्ची आहे की."

"तिला काय माहीत," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

त्याची आई रोज दुपारी केंद्रावर फोन करायची. मी उचलला की "पोरी, आभाळ आलंय का गं तिकडं?" असं विचारायची, आणि "नाही" म्हटलं की लगेच ठेवून द्यायची. जगात एवढ्या काळजीनं रोजचं हवामान विचारणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

उलगडा केला सरूमावशीच्या पाठीनं. सरूमावशी आमचा स्वयंपाक करायची. एका सकाळी पाण्याची घागर उचलताना तिच्या पाठीत उसण भरली आणि ती चुलीपाशीच वाकून राहिली. मी मलम आणायला निघाले तर म्हणाली, "मलमानं नाही जायाची ही. तुमच्यात कुणी पायाळू हाय का, तेवढं बगा."

"पायाळू म्हणजे?" सौमित्रनं विचारलं.

"जन्मताना आधी पाय भायेर आलेला. त्यानं पाठीला पाय लावला की उसण जाती."

"आणि डोकं लावलं तर?"

"डोकं लावणारे लई हायेत," मावशी कण्हत म्हणाली. "पाय लावणारा पायजे."

मी हसत होते. सौमित्र हसत होता. दिगंबर हसत नव्हता. त्यानं चपला काढल्या, मावशीला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि डाव्या पायाचा तळवा तिच्या कमरेला तीनदा टेकवला, इतक्या अदबीनं की जणू तोच तिच्या पाया पडत होता. मावशी हळूहळू सरळ झाली. मागंपुढं वाकून बघितलं. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "गेली की रं लेकरा!"

तेव्हापासून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी रांग लागायला लागली. माळावर रोजगार हमीचं काम चालू होतं. वीसेक बाया पाणी जिरवायला उताराला आडवे चर खोदत होत्या, आणि दिवसभर कुदळ मारून कुणाची ना कुणाची पाठ धरलेली असायचीच. दिगंबर लाजत लाजत पाय लावायचा. सौमित्र त्याला 'डॉक्टर फड' म्हणायला लागला.

"पण मग तो पाट?" मी दिगंबरला गाठून विचारलं.

"पायाळूवर वीज पडते म्हणतात. गडगडलं की आई मला पाटावर बसवायची, लाकडाचा म्हणून. वरून घोंगडी. दारंखिडक्या बंद. गिरिजा, मी एकोणीस वर्षांचा झालो, पण मी वीज बघितलेली नाही. नुसता आवाज ऐकलाय. घोंगडीच्या विणीतून मधेच सगळं पांढरं व्हायचं, तेवढंच."

"म्हणून इथं आलास?"

"एकदा बघायचीय. पूर्ण. वरपासून खालपर्यंत."

एवढं बोलून तो लहान पोरासारखा हसला. माझं माप तेव्हा पुरं झालं. तिघांत सगळ्यात स्वस्त मागणी त्याची होती.

आता त्या खोलीबद्दल सांगायला हवं. केंद्राच्या आवारात सिमेंटची एक भक्कम खोली होती, वर तांब्याचा दांडा, तिथून जमिनीत गेलेली जाड पट्टी. वीज वर पडली तरी पट्टीवरून जमिनीत जाईल आणि आतल्या माणसाच्या केसालाही धक्का लागणार नाही. शेजारी एक यंत्र हवेतला विजेचा ताण मोजत असायचं. आकडा ठरावीक रेघेच्या वर गेला की भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की सगळ्यांनी खोलीत यायचं, दार लावायचं, आणि शेवटचा गडगडाट विरून बराच वेळ जाईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही, असा सरांचा नियम. कठीण होतं ते माळावरच्या माणसांना तिथं आणणं. लोक चिंचेखाली पळायचे. अख्ख्या माळावर उंच असं ते एकच झाड. त्याच्याखाली आजवर किती मेले ते बोरजाईवाडीत सगळ्यांना तोंडपाठ होतं, तरी पळायचे तिथंच. सरांनी पोस्टर लावली, भाषणं दिली. शेवटी उपयोगी पडला सरूमावशीचा चहा. भोंगा वाजला की ती खोलीत स्टोव्ह पेटवायची. बाया चहासाठी यायला लागल्या आणि येता येता सवय लागली. सर म्हणायचे, "माझ्या सगळ्या पेपरांपेक्षा हा चहा मोठा आहे."

सौमित्रला मिळालेला प्रश्न त्या यंत्राचे आकडे तपासण्याचा होता, आणि त्यात त्याचा जीव रमत नव्हता. आकडे तपासून जर्मनीला कोण पाठवणार? मागच्या दारची रांग बघता बघता त्याला दुसरंच सुचलं.

"फड, तुला कळतंय का तू काय आहेस?" एका संध्याकाळी तो म्हणाला. "तू जिवंत पुरावा आहेस. आपण बायांना सांगायचं, तुमचा हा पायाळू प्रत्येक वादळात तुमच्याबरोबर खोलीत बसणार. वीज पडते का बघा. दोनचार वादळं गेली की अंधश्रद्धा खलास. मी सगळं कॅमेऱ्यात घेतो."

"त्यांना कशाला सांगायचं?" दिगंबर म्हणाला. "बसणारच आहे की मी खोलीत."

"न सांगता सिद्ध काय होणार? तुझ्यासारखी किती पोरं या घटकेला घोंगडीखाली कोंबलेली असतील, विचार कर."

या शेवटच्या वाक्यानं दिगंबर विकला गेला. सौमित्रला वाक्यांची किंमत माहीत होती. सर त्या आठवड्यात पुण्याला बैठकीला गेले होते. फोनवर त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे. करा."

जेवणाच्या सुट्टीत चरांच्या कडेला बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. सौमित्रनं दिगंबरला पुढं उभं केलं आणि छान, सोप्या मराठीत सगळं सांगितलं. सरूमावशीची सून लंका पोराला पदराखाली घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "म्हंजी ह्यो खोलीत बसनार? आमच्या संगं?"

"हो! रोज!"

"भोंगा वाजल्यावर?"

"भोंगा वाजल्यावरच तर!"

लंकानं शेजारणीकडं बघितलं. शेजारणीनं भाकरीकडं. कुणी काही बोललं नाही.

"बघ, एकीनंही विरोध केला नाही," येताना सौमित्र म्हणाला. आमच्या दुकानात गप्प झालेलं गिऱ्हाईक म्हणजे उठून चाललेलं गिऱ्हाईक. पण सौमित्रचा बाप प्राध्यापक होता. तिथं वर्ग गप्प झाला म्हणजे समजलं असं धरतात.

मोसमातलं पहिलं आभाळ आलं ते त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी, पश्चिमेकडून, जांभळं होत. यंत्राचा आकडा चढायला लागला, रेघ ओलांडून गेला आणि भोंगा वाजला. खोलीत आम्ही चौघं होतो. सौमित्र कॅमेरा घेऊन दाराशी, मावशी स्टोव्हपाशी, मी खिडकीत, आणि दिगंबर मधोमध उभा, केस विंचरलेले. लग्नाला निघाल्यासारखा तो नटला होता.

बाया धावत आल्या. आवाराच्या फाटकापर्यंत आल्या. आणि तिथून वळून चिंचेखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, इकडं! इकडं या!" सौमित्र ओरडला. कॅमेरा अजून डोळ्यालाच होता.

"आधी त्याला भायेर काडा!" लंकाचा आवाज आला.

"अगं ये की भवाने, चहा ठिवलाय!" मावशीनं दारातून हाक मारली.

"तुमीच या भायेर, आत्या! त्याच्यापायी मराल!"

पहिला गडगडाट झाला. लांब होता, पण जमिनीतून तळपायाला कळला. मावशी दारातून वळली. तिनं दिगंबरकडं बघितलं. ज्या माणसानं तिची पाठ सरळ केली होती त्याच्याकडं ती असं बघत होती, जसं पेटलेल्या घरात ठेवलेल्या रॉकेलच्या डब्याकडं बघतात. शब्द मात्र मऊ होते.

"लेकरा, माजी सून हाय तिथं. पोटाशी पोरगं हाय तिच्या."

"कुणी बाहेर जायचं नाही," सौमित्र म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "नियम आहे. त्या येतील. पावसाला सुरुवात झाली की येतील."

"झाडाखाली वीस जणी आहेत, सौमित्र," दिगंबर म्हणाला.

"फड, तू बाहेर गेलास तर त्यांचंच खरं ठरेल!"

"ठरू दे."

त्यानं यंत्राच्या आकड्याकडं एकदा बघितलं. आमच्यात ते आकडे सगळ्यात चांगले त्यालाच वाचता यायचे. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आईचा फोन आला तर आत आहे म्हण."

त्यानं फाटक ओलांडलं, चिंचेपासून लांब, मोकळ्या माळावर धावत गेला आणि नव्यानं खणलेल्या चरात उतरला. अगदी बरोबर केलं त्यानं. सखल जागा, पाय जुळवलेले, उकिडवं बसून मान खाली, कानांवर हात. सरांनी शिकवलं होतं तसंच, तंतोतंत. बाया तटतट सुटल्या आणि एकमेकींना ढकलत खोलीत शिरल्या. घामेजल्या लुगड्यांचा, मातीचा वास भरून गेला.

"लंका कुटं हाय?" मावशी किंचाळली.

लंका चिंचेखालीच होती. पोराला घट्ट धरून चारी बाजूंना बघत होती.

"कुटं गेला त्यो?" ती ओरडली. "दिसंना! खोलीमागंच दडला असंल!"

"चरात आहे तो!" मी खिडकीतून ओरडले. "लांब आहे! ये तू!"

माझं तिनं खरं मानलं नाही. मी खोलीतली होते.

तेव्हा दिगंबर उठून उभा राहिला. चरातून वर आला, पूर्ण उंचीनं, खांदे न वाकवता. दोन्ही हात वर करून हलवले. "वहिनी, मी इथं आहे! इथं! जा तुम्ही आत!"

लंकाला तो दिसला. ती पळाली. मावशीनं तिला दंडाला धरून आत ओढलं, पोर रडलं, दार लागलं. खिडकीत मी एकटी उरले.

पुढचं मी फक्त एकदा सांगितलंय. लंका आत आल्यावर त्याला खाली बसायला वेळ होता. दोन श्वासांचा असेल, तीन असतील, पण होता. दार लागलेलं त्यानं बघितलं. हात खाली घेतले. आणि तो बसला नाही. त्यानं मान वर केली आणि आभाळाकडं तोंड करून उभा राहिला.

मग खिडकी पांढरी झाली.

त्यानंतर नियमाप्रमाणे आम्ही आत थांबलो. सौमित्र दाराला पाठ लावून बसला होता आणि एकसारखं म्हणत होता, "तिथं सपाट माळ आहे, उभा तो एकटाच होता. कुणावरही पडली असती. कुणावरही." बायांना आता पटवून देण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्टोव्हवरचा चहा उकळून उकळून आटला. मधे फोन वाजला. वाजत राहिला.

ट्रंक न्यायला त्याची आई आली. लहानखुरी बाई, पायांत नवीन चपला. सरांनी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. मला जवळ बोलावून तिनं एवढंच विचारलं, "पोरी, पाटावर होता का गं?"

"नव्हता, मावशी."

"मी किती सांगितलं होतं त्याला." तिनं ट्रंकेची कडी लावली. "घाबरला असंल."

तेव्हा मी तिला ते सांगितलं, पुढं कुणालाच न सांगितलेलं. म्हणाले, "घाबरला नव्हता. वर बघत होता." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्या हातात आणखी एक जड ट्रंक दिली होती. बायांपायी गेला म्हटलं असतं तर तिला कुणावर तरी रागावता आलं असतं. तिनं पाट काखेत मारला आणि गेली.

सौमित्रनं शेवटी यंत्राच्या आकड्यांवरच सादरीकरण केलं. इतक्या जवळ पडलेल्या विजेच्या आधीचे क्षण तोवर केंद्रात कधीच नोंदले गेले नव्हते. आलेख फार सुंदर होता. चढत जाणारी रेघ, आणि मग काहीच नाही. तो जर्मनीला गेला, तिथंच राहिला. त्याच्या पहिल्या लेखाच्या शेवटी आभाराच्या ओळीत 'डी. फड' असं नाव आहे.

मी एम.एस्सी. करून केंद्रातच नोकरीला लागले. सर निवृत्त झाले, भोंगा माझ्या हाती आला. आता बोलवायला लागत नाही. भोंगा वाजला की माळावरचं सगळं माणूस खोलीत येतं, चहा असो वा नसो. चिंचेखाली कुणी थांबत नाही. त्या मे महिन्यानंतर माळावर विजेनं एकही जण गेलेला नाही, आणि सर जिथं जातील तिथं हे अभिमानानं सांगतात. कसं झालं ते सांगत नाहीत. मी सांगते. खोलीचा उंबरा ओलांडताना प्रत्येक माणूस मागं वळतं, रिकाम्या माळाकडं बघतं आणि कुणा घरच्या माणसाला सांगावं तसं सांगतं, "दिगंबरा, भायेरच थांब रं बाबा." पहिल्यांदा हे लंका म्हणाली. आता सगळेच म्हणतात. त्यांच्या लेखी पायाळू अजून माळावर उभा आहे, म्हणून खोली निर्धोक आहे.

मागच्या वळवात त्याची आई पुन्हा आली, न कळवता, पाट घेऊन. खूप थकली होती. म्हणाली, "घरी ठेववत नाही आता. इथंच ठेवते." मी तिला पाणी देतेय तोवर भोंगा वाजला आणि तिला धरून मी खोलीत नेलं. माणसं यायला लागली. एक आली, वळली, म्हणाली. दुसरी आली, वळली, म्हणाली. म्हातारी कोपऱ्यात पाट मांडून त्याच्याशेजारी जमिनीवर बसली होती. तिला आधी नीट ऐकू आलं नाही. मग आलं.

ती उठली, गर्दीतून वाट काढत दारापाशी गेली आणि दोन्ही फळ्या सताड उघडून धरल्या.

"दिगू," तिनं हाक मारली. "पाट मांडलाय. आत ये."

खोलीतली सगळी माणसं एकदम भिंतीला चिकटली. माळावर वारा सुटला होता, चिंच वाकत होती. लंकानं वाढलेल्या पोराला पोटाशी ओढलं आणि माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, तिच्या सासूनं एकदा दिगंबरकडं बघितलं होतं तसं.

नियम आता माझाच होता. मी म्हातारीचे हात फळ्यांवरून सोडवले आणि दार लावलं.

सौमित्रला जर्मनी मिळाली, सरांना चारचौघांत सांगायला काहीतरी, लंकाला तिचं पोर, वाडीला राखणदार आणि मला नोकरी. दिगंबरला वीज मिळाली, वरपासून खालपर्यंत. या सगळ्याचं मोल भरणारी म्हातारी कोपऱ्यात परत जाऊन बसली, जमिनीवरच. शेजारचा पाट तिनं पदरानं पुसला आणि मोकळाच ठेवला.